जुन्या संगणकाचे दुखणे आणि त्याचे निदान



वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व विषय ज्या व्यासपीठाने ऐकले, त्यावर मी आज एका लोखंडी डब्याविषयी बोलावयास उभा आहे. टेबलाखाली असणारा आणि ज्या सबंध डब्याला आपण सवयीने 'सीपीयू' म्हणतो, तो हा डबा. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, दुकानात, पतपेढीत वा ग्रंथालयात दहा-बारा वर्षे सेवा केलेला असा एक संगणक असतो, आणि एके दिवशी तो काम चालू असता मध्येच बंद पडू लागतो. हिशेब अर्धा लिहून झाला आहे, आणि पडदा काळा! मग एक शेजारी म्हणतो, 'व्हायरस शिरला'; दुसरा म्हणतो, 'विंडोज पुन्हा टाका'; आणि तिसरा म्हणतो, 'आता नवाच घ्या.' तिघेही औषध सांगतात. रोग कोणता हे तिघांपैकी एकानेही पाहिलेले नसते. तो कसा पाहावा, एवढाच आजचा विषय आहे.

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील 'मार्क २' नावाच्या प्रचंड संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग सापडला. तेथील मंडळींनी तो काढला, चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी वेळ लिहून ठेवली. या गोष्टीतला विनोद सर्वांच्या लक्षात राहतो. परंतु आपण घ्यावयाचा धडा नोंदवहीचा आहे. यंत्र बंद पडले की तारीख, वेळ, त्या वेळी चालू असलेले काम आणि बंद पडण्याची तऱ्हा, या चार गोष्टी लिहाव्या. आठ-दहा नोंदी झाल्या म्हणजे रोग आपण होऊन बोलू लागतो.

बंद पडण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात. दिवा मालवावा तसे यंत्र एकाएकी विझले, तर संशय वीजपुरवठ्यावर किंवा उष्णतेवर घ्यावा. जड काम सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी विझत असेल, तर उष्णता अधिक संभवते. कारण प्रोसेसर शंभर अंश सेल्सियसच्या आसपास तापला की स्वतःच्या रक्षणासाठी तो प्रथम मंद होतो आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद पाडतो. निळा पडदा येत असेल आणि त्यावरचा संदेश दर वेळी वेगळा असेल, तर रॅमकडे पाहावे. यंत्र मिनिट मिनिट थिजून राहत असेल आणि आतून टक् टक् असा आवाज येत असेल, तर हार्ड डिस्क शेवटच्या दिवसांत आहे. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टे उमटत असतील, तर ग्राफिक्स कार्ड. आणि रोज सकाळी घड्याळ जुनी तारीख दाखवीत असेल, तर मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा बटनासारखा सेल संपला आहे. तो थोड्या पैशांत मिळतो.

विंडोज स्वतःही एक दप्तर ठेवते. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडले की 'कर्नेल-पॉवर ४१' अशी नोंद अनेकदा दिसते, आणि ती वाचून पुष्कळ लोक एसएमपीएस बदलून येतात. वास्तविक त्या नोंदीचा अर्थ 'यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले' एवढाच आहे. तो मृत्यूचा दाखला आहे. मृत्यूचे कारण त्यात लिहिलेले नाही. 'व्हीआ-लॉगर' या नावाची नोंद मात्र गंभीरपणे घ्यावी, कारण ती यंत्राच्या अवयवांनी स्वतः केलेली तक्रार असते.

'एकदाच बंद पडला, एवढे काय मनावर घ्यायचे?' असे कोणी विचारील. याचे उत्तर २०११ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लक्ष घरगुती संगणकांच्या नोंदी तपासून दिले. आठ महिन्यांत एकूण तीस दिवस प्रोसेसर चाललेल्या यंत्रांपैकी साधारण १९० तील एक यंत्र प्रोसेसरच्या बाजूच्या दोषाने कोसळले. पण एकदा कोसळलेल्या यंत्रांपैकी जवळजवळ तीनांतील एक पुन्हा तसेच कोसळले. डिस्कचेही तसेच. २००७ साली गूगलच्या संशोधकांना असे आढळले, की ज्या डिस्कवर तपासणीत पहिला दोष दिसतो, ती पुढील साठ दिवसांत निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट असतो. तेव्हा पहिला झटका हा इशारा समजावा.

म्हणूनच दुरुस्तीपूर्वी एक काम करावयाचे: आपले कागदपत्र, हिशेब, छायाचित्रे यांची प्रत काढावयाची. येथे एक धोका पुष्कळांस ठाऊक नसतो. रॅम सदोष असेल, तर प्रतही त्या सदोष रॅममधूनच जाते आणि मूळ धड असूनही प्रत बिघडू शकते. रॅमचा संशय असल्यास डिस्क काढून दुसऱ्या धडधाकट यंत्राला जोडावी आणि तेथे प्रत काढावी. यंत्र पुन्हा विकत मिळते. नातवाच्या बारशाचे छायाचित्र मिळत नाही.

आता तपासणीचा क्रम. आरंभ डब्याबाहेरून करावा. प्लग सैल आहे काय, अर्थिंग नीट आहे काय, शेजारचा पंप किंवा मिक्सर सुरू होताच यंत्र दचकते काय, हे पाहावे. यूपीएसची जुनी बॅटरी तर पुष्कळदा खरी गुन्हेगार असते. वीज क्षणभर लपकली की ती हात टेकते आणि आळ संगणकावर येतो.

मग वायर काढून डबा उघडावा. आत धुळीचे नमदे साचलेले असतील. ती धूळ ब्लोअरने उडवावी, मात्र पंखा बोटाने धरून ठेवावा. धुळीने यंत्र तापते, आणि उष्णता कपॅसिटरचे आयुष्य खाते. द्रव भरलेल्या कपॅसिटरचे तापमान दहा अंशांनी उतरले तर त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. कपॅसिटरचे सपाट डोके फुगलेले किंवा त्यातून तपकिरी द्रव झिरपलेला दिसला, तर निदान डोळ्यांनीच झाले. २००० सालानंतरच्या काही वर्षांत सदोष द्रवाचे कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर बसले आणि असंख्य यंत्रे अकाली गेली.

पुढे रॅम. पट्टी काढून तिचे सोनेरी दात स्वच्छ मऊ खोडरबराने हलकेच पुसावे आणि ती पुन्हा घट्ट बसवावी. एवढ्यानेही पुष्कळ यंत्रे बरी झालेली आहेत. न झाल्यास १९९४ पासून चालत आलेला 'मेमटेस्ट८६' हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. एक जरी चूक निघाली तरी एकेक पट्टी स्वतंत्र तपासावी, आणि तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्येही घालून पाहावी, म्हणजे दोष पट्टीचा की स्लॉटचा हे कळेल.

दोष यंत्राचा की प्रोग्रॅमचा, हा वाद मिटवावयाचा असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून तेवढेच जड काम द्यावे. तेथेही यंत्र कोसळले तर विंडोज बहुधा निर्दोष. कोसळले नाही तर डिस्क आणि विंडोज यांच्याकडे वळावे.

शेवटी एसएमपीएस. त्याची बारा व्होल्टची वायर ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान राहिली पाहिजे. निवांतपणी ती ठीक दिसते आणि काम वाढताच खचते, म्हणून मोजणी भार असताना व्हावी. खात्रीचा उपाय म्हणजे ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून पाहणे. त्याची पेटी मात्र कोणीही घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आत तीनशे व्होल्टांचा साठा राहू शकतो.

या सर्वांत एक पथ्य आहे: एका वेळी एकच बदल. रॅम, डिस्क आणि एसएमपीएस एकदम बदलले आणि यंत्र चालू लागले, तर पैसे तिघांचे गेले आणि कारण कळलेच नाही.

हा खटाटोप कशासाठी? २०२२ साली जगात ६ कोटी २० लक्ष टन विद्युत-कचरा निर्माण झाला आणि त्यातील चतुर्थांशही रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि चालती यंत्रेही भंगाराच्या वाटेला लागली. लिनक्स घालून त्यांतील पुष्कळ यंत्रे अजून वाचनालयांतून आणि शाळांतून काम करू शकतील. मदरबोर्डच गेला असेल, तर मोह सोडावा. डिस्क काढून घ्यावी आणि बाकीचे अधिकृत संकलकाकडे द्यावे. पण चार पैशांच्या सेलसाठी किंवा खोडरबराच्या दोन हातांसाठी अख्खे यंत्र टाकून देणे हे शहाणपण नव्हे.

 घरी गेल्यावर प्रथम प्रत काढा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.