अरुंद रुळांची गाडी आणि संग्रहालय



बैहरला रेल्वे नाही. ती कधी नव्हतीही. तरी या भागाचा इतिहास रेल्वेवाचून सांगता येत नाही. घाट उतरून बालाघाटला यावे, तेथून छोट्या लाइनीने गोंदिया गाठावे आणि पुढे नागपूरची गाडी धरावी, हा इथल्या कित्येक मराठी कुटुंबांच्या प्रवासाचा क्रम होता. बंगाल-नागपूर रेल्वेने १९०३ ते १९०५ या काळात गोंदिया-नैनपूर-जबलपूर हा मार्ग टप्प्याटप्प्याने उघडला. दोन रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. सातपुड्याच्या वळणांना आणि बेताच्या खर्चाला हाच रूळ मानवणारा होता. २०१५ साली नैनपूर-जबलपूर मार्गावरील ही गाडी थांबली. आज त्या मार्गाने मोठ्या लाइनीच्या गाड्या धावतात, आणि प्रवाशांची सोय झाली हे नाकारण्याचे कारण नाही.

मागे उरली ती वाहने. त्यांतील पुष्कळशी भंगारात गेली. काहींना स्थानकाबाहेर चौथऱ्यावर जागा मिळाली. चौथऱ्यावरच्या इंजिनाची अवस्था मोठी चमत्कारिक असते. दरवर्षी त्याला काळा-लाल रंग फासतात, भोवती साखळी बांधतात. लोक समोर उभे राहून छायाचित्र काढतात आणि निघून जातात. रंगाच्या थरांखाली निर्मात्याचे नाव आणि कारखान्यातील क्रमांक बुजतात. पावसाचे पाणी बॉयलरच्या तळाशी साचून पत्रा आतून कुजतो. अशा जतनाला सत्कार म्हणता येईल, संग्रहालय म्हणता येणार नाही.

नागपूरला मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ रोजी नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले. छोटी लाइन बंद पडल्यावर नैनपूरलाही तसेच एक संग्रहालय उभे राहिले. ज्या मार्गावर वाहने राबली त्याच मार्गावरच्या गावी ती ठेवली, ही या दोन्हींची मोठी जमेची बाजू. प्रश्न उरतो तो मांडणीचा.

या बाबतीत बाहेरची उदाहरणे पाहण्याजोगी आहेत. इंग्लंडमध्ये यॉर्क येथील संग्रहालयात ‘एलरमन लाइन्स’ हे इंजिन एका बाजूने उभे कापून ठेवले आहे. अग्निपेटी, बॉयलरमधील नळ्या, सिलिंडर सारे उघडे दिसते. पाण्याची वाफ होते आणि वाफेने चाक फिरते हे शाळकरी मुलालाही उमगते. फ्रान्समधील म्यूलूझ येथे एक इंजिन मुद्दाम आडवे पाडून मांडले आहे. दुसऱ्या महायुद्धात प्रतिकारकांनी रुळांवर केलेल्या घातपाताची ती आठवण. चकचकीत उभ्या इंजिनांच्या रांगेत ते एकच पडलेले इंजिन अधिक काही सांगून जाते. जपानमध्ये क्योटो येथे १९१४ सालची इंजिनांची गोलाकार शेड टर्नटेबलसह राखली असून, वाहने तिथे आपल्या घरी असल्यासारखी दिसतात.

आपल्याकडेही कल्पकतेची वानवा नाही. १९०७ ते १९२७ या काळात चाललेली पतियाळा संस्थानची एकरुळी गाडी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. तिचे एक चाक रस्त्यावर टेकलेले असते. तिचे इंजिन दुरुस्त करून चालते केले नसते तर ही गाडी तोल कसा सांभाळते, यावर कोणी विश्वास ठेवला नसता! १८५५ सालची ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर आली, तेव्हाही असाच आनंद झाला. अर्थात इंजिन चालवायचे तर जुने भाग बदलावे लागतात, आणि बदलता बदलता मूळ वस्तूच नाहीशी होण्याची भीती असते. म्हणून एकाच जातीची दोन इंजिने असतील तर एक चालवावे, दुसरे हात न लावता छपराखाली ठेवावे, हे शहाणपणाचे.

छोट्या लाइनीसाठी मात्र इतका खर्च करण्याची गरज नाही. मोठी, मीटर आणि छोटी, म्हणजे १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर अशा तीन रुंदींचे रूळ शेजारी शेजारी अंथरावेत आणि प्रेक्षकाला त्यांमधून चालू द्यावे. अग्निपेटीच्या दारापाशी कोळसा आणि फावडे ठेवावे. एक फावडे उचलून पाहिले की फायरमनचा दिवस कळतो. रुळांखाली सालाचे स्लीपर घालावेत. सिमेंटचे स्लीपर येण्यापूर्वी देशभर सालाचे लाकूड यासाठी वापरले जाई, आणि बैहरभोवती सालाचीच वने आहेत. रेल्वे नसलेल्या गावाचे रेल्वेशी असलेले नाते एवढ्या एका लाकडाने दाखवता येईल. शेजारी मँगनीजने भरलेली एक वाघीण उभी करावी, म्हणजे रूळ केवळ प्रवाशांसाठी टाकले नव्हते हे न सांगताही समजेल.

डबा रिकामा ठेवू नये. बाकावर ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या असावा. भिंतीवर त्या काळचे वेळापत्रक. हे वेळापत्रक, पुठ्ठ्याची तिकिटे, मालाच्या पावत्या रेल्वेच्या कचेरीपेक्षा घराघरांतील पेट्यांत आणि जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत सापडण्याचा संभव अधिक. दुसरी निकडीची गोष्ट भाषेची. या मार्गावर मराठी, हिंदी, पोवारी आणि गोंडी एकाच डब्यात बोलल्या जात. वाफेच्या इंजिनावर उमेदवारी केलेले लोक आता वृद्ध झाले आहेत. इंजिनाच्या प्रत्येक भागाला ते कोणत्या नावाने हाक मारीत, हे त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवायला एक यंत्र आणि दोन-चार दुपारी पुरतील. रंगाचा पुढचा हात त्यानंतर दिला तरी चालेल.