शृंगार कुणाच्या लेखणीतून?

(सोलापूर येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



'शृंगारकथा लिहून स्वतःच छापणारी बाई' अशी माझी ओळख करून दिली गेली, तेव्हा काहीजणी हसल्या, काहींनी पदर सारखा केला. दोन्ही साहजिक आहे. म्हणूनच या विषयावर मोकळेपणानं बोलायला हवं.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी सोलापुरात विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या बायकांबरोबर काम करते. मार, दारू, संशय यांबद्दल बायका आता बोलतात. चळवळीनं त्यासाठी शब्द दिले. पण 'तुला स्वतःला काय हवंसं वाटतं?' असं विचारलं की खोलीत शांतता पसरते. 'तसलं', 'त्यांचं काम', याखेरीज शब्दच नाहीत. जिला 'हवं' म्हणायची मुभा नाही, तिच्या 'नको'लाही कुणी किंमत देत नाही. कायदाही देत नाही. २०२४ साली लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतसुद्धा, पत्नी १८ वर्षांखालची नसेल तर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही.

आपल्याकडे शृंगार लिहिलाच गेला नाही, असं मात्र नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात लावणी गाजवणारे राम जोशी या सोलापूरचेच. लावणीत विरहानं तळमळते ती बाई, 'मी' म्हणते ती बाई. पण शेवटच्या कडव्यात नाव येतं शाहिराचं. फडावर नाचली-गायली ती बाई, आणि बदनामीही तिच्याच वाट्याला आली. म्हणजे बाईची इच्छा सांगायला समाजाची हरकत नव्हती. ती तिनं स्वतः सांगायला होती.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झालं. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातली घुसमट त्या कथांमध्ये होती. आज वाचलं तर त्यात 'तसलं' काहीच सापडत नाही. तरी केवढं वादळ उठलं! लेखिकेनं विभावरी शिरूरकर हे नाव घेतलं होतं. त्यामागच्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, समाजाला पुष्कळ उशिरा कळल्या. टोपणनावानं त्यांना लिहिता आलं, पण त्याची गरज पडावी हीच आपल्या समाजाची स्थिती होती.

स्वतः छापण्याची वाट दाखवली ती र. धों. कर्वे यांनी. 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत पदरमोड करून चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. तरी दंड झालाच. पण मासिक बंद पडलं नाही, कारण ते दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर चालत नव्हतं.

माझ्या सात कथा एका छापखान्यानं वाचून परत केल्या. 'ताई, बाईमाणसानं हे लिहू नये,' एवढंच कारण. मग दुसऱ्या गावी, स्वतःच्या पैशानं, ३०० प्रती काढल्या. दुकानात कुणी ठेवेना, म्हणून पिशवीत घालून गटागटांत नेल्या. आता तर मराठी ई-पुस्तक घरबसल्याही काढता येतं. पण ज्यांना या वाटेनं यायचं आहे, त्यांनी कायदा समजून घ्यावा. स्वतः छापलं की लेखिकाही आपण आणि प्रकाशकही आपणच. पूर्वीचं कलम २९२ आता न्याय संहितेत २९४ आहे. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५ हजारांपर्यंत दंड. तेच इंटरनेटवर टाकलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. दुसरी बाजूही लक्षात ठेवा. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' कथेला उच्च न्यायालयानं अश्लील ठरवलं होतं. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. २०१४ साली त्याच न्यायालयानं सांगितलं, की एखादा भाग तोडून पाहू नये, आजच्या समाजाच्या दृष्टीनं एकूण परिणाम पाहावा.

काही कार्यकर्त्या मैत्रिणी विचारतात, 'आपण अश्लील जाहिरातींविरुद्ध लढलो, १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा आला, आणि तू हे लिहितेस?' प्रश्न रास्त आहे. एस.टी. स्टँडवर मिळणाऱ्या पिवळ्या पुस्तकांत बाई म्हणजे फक्त शरीर. तिनं नको म्हटलं तरी त्याचा अर्थ हो, असंच तिथं शिकवलं जातं. माझा आक्षेप उघडेपणाला नाही, या शिकवणुकीला आहे. माझ्या कथांमधली बाई थकते, चिडते, मागते, नाकारते. तिच्या मर्जीशिवाय कथा पुढे सरकत नाही.

एका गटात आम्ही एक कथा मोठ्यानं वाचली. सुपात विडीचं पान कापत बसलेली एक बाई कात्री थांबवून म्हणाली, "ह्यातली बाई 'थांब' म्हणते आन् तो थांबतो. असं असतंय व्हय ताई?" त्यानंतर दोन तास कुणी उठलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या रात्रीबद्दल, बाळंतपणानंतरच्या जबरदस्तीबद्दल, आणि हो, सुखाबद्दलही बायका बोलल्या. समुपदेशनाच्या फॉर्ममध्ये यातलं एक अक्षरही कधी आलं नव्हतं.

स्वतःच्या नावानं छापल्याची किंमत मी मोजते आहे. नातेवाइकांनी बोलणं टाकलं. नोकरीच्या ठिकाणी 'संस्थेची प्रतिमा' हा शब्द वारंवार ऐकवला जातो. प्रत्येकीनं असंच करावं असं मी म्हणणार नाही. जिच्या डोक्यावरचं छप्पर नवऱ्याच्या मर्जीवर आहे, तिनं टोपणनाव घ्यावं. त्यात कमीपणा नाही. आणि छापायलाच हवं असंही नाही. आधी गटात लिहा, गटातच वाचा. जे लिहिलं ते बाहेर जाणार नाही, असा शब्द एकमेकींना द्या.

आपल्या गटांकडे माझी मागणी एवढीच आहे. पुढच्या बैठकीत हिंसेबरोबर इच्छेचाही विषय घ्या. आणि यातून एखादी लिहू लागली, आणि तिच्या दारात उद्या कुणी जाब विचारायला आलं, तर ती एकटी पडणार नाही, याची हमी आज इथं देऊ या.