गोचीड आणि माकडताप

गुरांच्या कानांत अगर कांसेजवळ चिकटलेला टपोरा गोचीड कोणा शेतकऱ्याच्या पाहण्यांतला नाहीं? परंतु त्याची खरी ओळख थोड्यांनाच असते. सामान्यतः त्यास किडा समजतात. वस्तुतः तो कोळी व विंचू ह्यांच्या कुळांतला प्राणी होय. अंड्यांतून निघालेल्या पिलास सहा पाय असतात, पुढील दोन अवस्थांत आठ. त्यास पंख नाहींत व उडीहि मारतां येत नाहीं. गवताच्या पात्यावर पुढचे पाय पसरून तो वाट पाहत बसतो. त्या पायांवरील इंद्रियानें त्यास जवळ येणाऱ्या प्राण्याचा श्वास कळतो, आणि अंग घासून जातांच तो त्यास बिलगतो. त्याच्या लाळेमुळें दंशाची जाणीव बहुधा होत नाहीं. म्हणूनच तो कित्येक दिवस निर्वेधपणें रक्त पिऊं शकतो.

ह्या दंशांतून काय ओढवतें, हें १९५७ सालीं दिसून आलें. त्या वेळच्या म्हैसूर राज्यांतील शिमोगा जिल्ह्यांत क्यासनूरच्या जंगलांत माकडें मरून पडूं लागलीं, व भोंवतालच्या खेड्यांतील माणसें तीव्र तापानें अंथरुणास खिळलीं. डांसांमुळें पसरणारा पीतज्वर तर हिंदुस्थानांत शिरला नाहीं ना, अशी शंका प्रथम आली. परंतु पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रांतील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंतील, शास्त्रज्ञांनीं विषाणु वेगळा काढला, तेव्हां तो निराळाच निघाला. रशियांत गोचिडांपासून होणाऱ्या एका मेंदूज्वराच्या विषाणूशीं त्याचें नातें होतें. तेव्हां डांसांवरील दृष्टि गोचिडांकडे वळली, आणि जंगलांतील ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ नांवाचा गोचीड हा मुख्य वाहक ठरला.

हा गोचीड आयुष्यांत तीन वेळां रक्त पितो, आणि प्रत्येक वेळीं यजमान बदलतो. लहान अवस्थांत तो उंदीर, पक्षी, वानरें व माकडें ह्यांच्यावर पोसतो. पूर्ण वाढ झाल्यावर चरावयास आलेल्या गुरांवर. पहिल्या यजमानाकडून घेतलेला विषाणु कात टाकल्यावरहि त्याच्या अंगांत राहतो, व पुढच्या दंशाबरोबर दुसऱ्यास मिळतो. माकड ह्या रोगानें मेलें, कीं त्याच्या अंगावरील गोचीड खालीं पाचोळ्यांत उतरतात, आणि तेवढी जागा विशेष धोक्याची होते. गोठ्यांतील नेहमींचा गोचीड मात्र बहुधा निराळ्या जातीचा असून सारें आयुष्य एकाच जनावरावर काढतो.

माणसास बहुतेक दंश मधल्या अवस्थेंतील बारीक गोचिडाचा होतो, आणि त्याचा काळ मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंतचा. नेमक्या ह्याच काळांत सरपण, पाचोळा व काजू गोळा करण्यासाठीं लोक रानांत जातात. दंशानंतर तीन ते आठ दिवसांनीं एकाएकीं थंडी वाजून ताप भरतो. डोकें व अंग विलक्षण दुखतें, वांत्या होतात, कधीं नाकांतून वा हिरड्यांतून रक्त येतें. कित्येकांस मध्यंतरीं बरें वाटून पुन्हां ताप उलटतो व मेंदूवर परिणाम होतो. शंभरांत तीन ते पांच रोगी दगावतात. खास असें औषध अद्याप नाहीं. परंतु वेळीं शुश्रूषा मिळाल्यास बहुतेक वांचतात. जुन्या लशीचा प्रभाव अपुरा ठरल्यामुळें २०२२ सालीं तिचा वापर थांबला, व नव्या लशीचे प्रयत्न चालू आहेत.

दीर्घ काळ कर्नाटकापुरता वाटणारा हा रोग २०१५ सालीं गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत, व २०१६ सालीं सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यांत प्रकट झाला. तेथें त्यास ‘माकडताप’ म्हणतात. ह्या नांवानें माकडांवर राग काढणें व्यर्थ आहे. तीं स्वतःच ह्या रोगाचीं बळी असून त्यांचें मरण ही गांवास मिळालेली पूर्वसूचना होय. तसेंच हा रोग माणसापासून माणसास लागत नाहीं. रोग्यास वाळीत टाकण्याचें कारण नाहीं.

रानांत जाणें ज्यांस चुकत नाहीं, त्यांनीं अंगभर कपडे घालावे, पायमोज्यांत विजार खोंचावी, उघड्या अंगास आरोग्य खात्यानें दिलेलें प्रतिबंधक तेल लावावें, आणि पाचोळ्यावर बसूं अगर निजूं नये. घरीं येतांच कपडे गरम पाण्यांत टाकून साबणानें स्नान करावें; कानांमागें, काखेंत, जांघेंत शोध घ्यावा. चिकटलेला गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावा; त्यास चटका देऊं नये वा बोटांनीं चिरडूं नये. मेलेलें माकड दिसल्यास त्यास हात न लावतां वनखात्यास अगर आरोग्य केंद्रास कळवावें. आणि ताप आल्यास आपण रानांत गेलों होतों, हें डॉक्टरांस न विचारतांच सांगावें. तेवढ्या एका वाक्यानें रोगाचें निदान कित्येक दिवस आधीं होऊं शकतें.