‘गेम चालत नाही’ याच्या पुढची चार वाक्यं



मी भिलाईहून बोलते आहे. ऐकणाऱ्यांपैकी कुणी नागपूरचे असतील, कुणी इंदूरचे, कुणी बेळगावचे, कुणी बडोद्याचे. त्यामुळे आधीच सांगून टाकते, माझ्या मराठीत मधूनच हिंदी डोकावेल. इथं दूधवाला हिंदी बोलतो, भाजीवाली छत्तीसगढी बोलते आणि घरात आई मराठीत रागावते. तीन भाषांत वाढलेली मुलगी आहे, सांभाळून घ्या.

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. घरी बसून लहान मुलांच्या शैक्षणिक गेम तपासते आणि लोकांच्या तक्रारी आल्या की त्या वाचते. त्या तक्रारींबद्दलच आज बोलायचं आहे. प्रश्न असा, की लिनक्स वापरणारे लोक गेममधल्या चुका इतरांपेक्षा चांगल्या का कळवतात? आणि ते आपल्याला, म्हणजे लिनक्स न वापरणाऱ्यांनाही, जमेल का?

सुरुवात आकड्यांनी करू. ‘डेल्टा-व्ही : रिंग्ज ऑफ सॅटर्न’ नावाची एक गेम आहे. शनीच्या कड्यांमध्ये यान घेऊन जायचं आणि खाणकाम करायचं, अशी. ती बनवणारा पोलंडमधला एक स्वतंत्र डेव्हलपर. 2021 साली त्याने आपला हिशोब लोकांसमोर मांडला. तोवर गेमच्या 12,000 हून थोड्या जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या. त्यातल्या साधारण 700 लिनक्सवाल्यांनी घेतल्या होत्या, म्हणजे 5.8 टक्के. बग रिपोर्ट आले होते 1,040. त्यातले सुमारे 400 या लिनक्सवाल्यांचे, म्हणजे 38 टक्के.

आता आपण जरा गणित करू. 700 लोकांनी 400 तक्रारी केल्या, म्हणजे पावणेदोन माणसांमागे एक. उरलेल्या अकरा हजार तीनशेंनी 640 केल्या, म्हणजे जवळजवळ अठरा माणसांमागे एक. दसपट फरक आहे.

हे ऐकून एखादा मॅनेजर म्हणेल, “बघा, लिनक्सवर गेम काढली की डोक्याला ताप. तिकडे जास्त बिघडते.” पण त्या चारशे तक्रारींपैकी फक्त तीन चुका अशा निघाल्या, ज्या केवळ लिनक्सवर होत होत्या. बाकीच्या चुका विंडोजवाल्यांनाही छळत होत्या. ते गप्प होते, एवढंच. म्हणजे सातशे माणसं बारा हजारांसाठी तपासणी करत होती, तीही गेमचे पैसे स्वतः भरून.

दुसरं असं, की या तक्रारी नीट लिहिलेल्या होत्या. कुठली आवृत्ती, कुठली सिस्टिम, चूक कशी घडवून आणायची त्याच्या पायऱ्या, सोबत लॉग, आणि गेम कोसळली त्या क्षणाची मेमरीची नोंदसुद्धा. डेव्हलपरने प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला माणूस हजर.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई प्रचाराला आली आहे. ‘प्लॅनेटरी अ‍ॅनिहिलेशन’ या गेमवर काम केलेल्या एका डेव्हलपरने उलटा अनुभव सांगितला होता. लिनक्सची विक्री एका टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी, आणि क्रॅश व तक्रारींत वाटा वीस टक्क्यांहून जास्त. त्यातल्या बहुतेक ग्राफिक्स ड्रायव्हरच्या. तोही अनुभव खराच आहे. जड ग्राफिक्सची गेम असेल आणि ड्रायव्हर कच्चे असतील, तर लिनक्सवर खरोखर जास्त बिघडतं. म्हणून तक्रारी किती आल्या हे मोजून भागत नाही. त्या उघडून वाचाव्या लागतात.

मग हे लोक असे का? ते जास्त हुशार असतात असं मला वाटत नाही. मला चार कारणं दिसतात.

पहिलं, निवड. दुकानातून लॅपटॉप आणला की त्यात बहुतेक वेळा विंडोज असतं. लिनक्स मुद्दाम टाकावं लागतं. जो माणूस ते स्वतः टाकतो, त्याने एकदा तरी वायफाय चालत नाही म्हणून रात्र काढलेली असते. म्हणजे चाळणी आधीच लागलेली आहे. त्या सातशेंमध्ये स्वतः प्रोग्रामिंग करणारेही बरेच असणार.

दुसरं, हत्यारं. विंडोजमध्येही नोंदी असतात, पण किती जणांनी त्या उघडून पाहिल्यात? लिनक्सवर गेम टर्मिनलमधून चालवली, की काय बिघडलं ते अनेकदा समोरच छापून येतं. ते उचलून चिकटवायचं. डेबियन या लिनक्समध्ये तर ‘रिपोर्टबग’ नावाचा प्रोग्रामच आहे. तो तुम्हाला प्रश्न विचारतो, आवृत्त्या स्वतः भरतो, आणि हीच तक्रार आधी कुणी केली आहे का तेही दाखवतो. चार वेळा तो वापरला, की हाताला वळण लागतं.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. यांना माहीत असतं, की पलीकडे माणूस आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही तक्रार लिहिता, ती सगळ्यांना दिसते, तिला क्रमांक मिळतो, कुणीतरी उत्तर देतं. कधी उद्धट उत्तर देतं, पण देतं. आणि एक दिवस लिहून येतं, ‘दुरुस्त केलं’. याउलट आपल्याला काय सवय आहे? पडद्यावर चौकट येते, ‘अहवाल पाठवायचा का?’ आपण पाठवतो. आजवर त्यातल्या एकाचं तरी उत्तर आलंय तुम्हाला? विहिरीत दगड टाकला आणि आवाजच आला नाही, तर माणूस दुसरा दगड टाकत नाही.

चौथं, गरज. लिनक्सवर गेम मुळात कमी. एखाद्याने आपल्यासाठी काढली, तर ती टिकावी असं वाटतं. अल्पसंख्याकाला आपली गोष्ट आपणच सांगावी लागते, दुसरा कुणी सांगणार नसतो.

हे वाक्य बोलताना मला माझीच एक गोष्ट आठवते. ती जरा लाजेची आहे.

मी ज्या गेमवर काम करत होते, तिचं नाव सांगत नाही. लहान मुलांसाठी चित्र आणि शब्द जुळवायची होती. हिंदी आणि मराठी, दोन्हींत. त्यात डोंगर-दऱ्यांचं चित्र होतं. खाली शब्द यायला हवा होता ‘दऱ्या’. दिसत होता ‘दर्या’.

तुमच्या लक्षात आलं असेल. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्याला बोलवा म्हटलं तर स्वयंपाकी येतो, आचार्याला बोलवा म्हटलं तर गुरुजी येतात. तो एवढासा आडवा र. हिंदीत तो नाहीच. आमच्या टीममध्ये मी सोडून सगळे हिंदी किंवा इंग्रजीवाले. सात-आठ पालकांचे मेल आले, ‘मराठी चुकीचं आहे’, ‘शुद्धलेखन तपासा’, ‘मराठीची वाट लावली’. माझ्या सहकाऱ्याने शब्दांची फाइल उघडली. फाइलमध्ये शब्द बरोबर होता. त्याने गेममध्ये पाहिलं आणि म्हणाला, “ठीक तो है.” त्याच्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. तक्रारी बंद.

आणि मी? मी तो शब्द त्याआधी पाहिला होता. मराठी मुलगी, टेस्टर, पगार त्याचाच. मनात म्हटलं, फॉन्टची गडबड असेल, आपलं मराठी असंच दिसतं सगळीकडे, कोण वाद घालणार. मी नोंद केली नाही.

मग एक मेल आला. लिहिणारा कॉलेजचा विद्यार्थी, धाकट्या बहिणीला गेम खेळवत होता, लिनक्सवर. त्याने लिहिलं होतं, गेमची आवृत्ती अमुक, सिस्टिम तमुक. तिसऱ्या पातळीवर, पाचव्या चित्राखाली ‘दऱ्या’ दिसायला हवं, ‘दर्या’ दिसतं. दोन्हींचा अर्थ इंग्रजीत दिला होता, म्हणजे ज्याला मराठी येत नाही त्यालाही कळावं. पडद्याचा फोटो, शब्दाभोवती लाल गोल. ‘सुऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ या शब्दांतही हेच होतं, पण ‘सूर्य’ बरोबर दिसतो, हेही. आणि शेवटी, मित्राच्या विंडोजवर पाहिलं, तिथेही असंच आहे.

पुढे त्याने गेममधला शब्द कॉपी करून त्यातली अक्षरं एकेक सुटी करून दाखवली होती. आडवा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतात. दुसऱ्यात नेहमीचा र, मग हलन्त, आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. ते जोडचिन्ह गेलं, की आडवा र उडून डोक्यावर रफार बनतो. आमच्या फाइलमध्ये दुसरा प्रकार होता. आणि गेममध्ये मजकूर ‘साफ’ करणारी एक पायरी होती, जी न दिसणारी चिन्हं कचरा समजून काढून टाकत होती.

अर्ध्या तासात दुरुस्ती झाली. सात-आठ मेलनी जे झालं नाही, ते एका मेलने झालं. पण ते पालक चुकीचं बोलत नव्हते. ते अगदी बरोबर होते. त्यांच्या बोलण्याला फक्त पत्ता नव्हता.

त्या रात्री बाबांना हे सांगितलं. बाबा कारखान्यातून निवृत्त झालेले, फिटर. 4 फेब्रुवारी 1959 ला इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून हे गाव पाळीच्या भोंग्यावर चालतं. बाबा म्हणाले, “अगं, आमच्याकडे लॉगबुक होतं ना. पाळी संपली की लिहायचं. ‘पंप बिघडला’ असं लिहिलं, तर पुढच्या पाळीचा माणूस शिव्या घालायचा. कुठला पंप, किती वाजता, आवाज कसा, गरम होता की गार, मी काय काय करून पाहिलं. घरी गेल्यावर मी तर नसतो ना सांगायला.”

ते शेवटचं वाक्य मला फार आवडलं. चांगला बग रिपोर्ट म्हणजे हेच. मी तिथे नसताना माझ्या वतीने बोलणारा कागद.

आपल्या भिलाईत रेल्वेचे रूळ बनतात, 260 मीटर लांबीपर्यंतचे. ते रूळ देशभर टाकले जातात आणि त्यावरून रोज की-मॅन पायी चालत तपासणी करतो. त्याला तडा दिसला तर तो ‘रूळ तुटलाय’ एवढं सांगत नाही. किलोमीटर किती, खांब कितवा, डावा रूळ की उजवा, हे सांगतो. त्याने फार शिक्षण घेतलेलं असायला लागत नाही. पुढे गाडी येते आहे, हे त्याला माहीत असतं.

संगणकाच्या इतिहासातही लॉगबुकच आहे. 9 सप्टेंबर 1947 ला हार्वर्डच्या मार्क-टू यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला, शेजारी वेळ लिहिली. ‘बग’ हा शब्द त्याच्याही आधीपासून वापरात होता, पण पुराव्यासकट नोंद म्हणून मला ती वही आवडते.

तर मंडळी, लिनक्स टाका असं मी सांगत नाही. टाकलंत तर आनंद आहे. पण पुढच्या वेळी गेम असो, बँकेचं अ‍ॅप असो, रेल्वे तिकिटाचं असो, काही बिघडलं तर ‘चालत नाही’ इथे थांबू नका. चार वाक्यं आणखी लिहा.

एक, माझ्याकडे काय आहे : फोन किंवा संगणक कुठला, अ‍ॅपची आवृत्ती कुठली. दोन, मी काय केलं, क्रमाने. तीन, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, दोन्ही. चार, पुन्हा करून पाहिलं तर पुन्हा होतं का, दुसऱ्याच्या फोनवर होतं का. पडद्याचा फोटो जोडा, मात्र त्यात खातं क्रमांक वगैरे दिसत असेल तर झाकून. आणि तुमचा अंदाज असेल तर तो शेवटी, ‘माझा अंदाज’ म्हणून लिहा. अंदाज आधी आला की वाचणारा चुकीच्या दिशेला पळतो.

जे माझ्यासारखे मेलच्या या बाजूला बसतात, त्यांनाही एक सांगणं. उत्तर द्या. दोन ओळींचं द्या. ‘मिळालं, बघतो’ आणि नंतर ‘झालं’. सातशे माणसं चारशे वेळा लिहितात, कारण कधीतरी कुणीतरी त्यांना उत्तर दिलेलं असतं. आम्ही त्या पालकांना दिलं नव्हतं. दुरुस्तीनंतर मी प्रत्येकाला लिहिलं, ‘तुमचं बरोबर होतं, चूक आमची होती.’ त्यातल्या एका आईने मग दुसऱ्या एका शब्दाची तक्रार पाठवली. पातळी, चित्राचा क्रमांक, फोटो, सगळं व्यवस्थित. लिनक्सचं नावही तिने ऐकलेलं नसेल.

आपण मराठी माणसं महाराष्ट्राबाहेर राहतो, तेव्हा आपला आडवा र दुसऱ्या कुणाला दिसत नाही. ज्याला दिसतो त्यानेच तो कळवायचा असतो. मला दिसला होता आणि मी गप्प बसले होते. तुम्ही बसू नका.