शिक्का आणि दाणा



नावाजलेल्या कादंबऱ्यांतली वाचावी अशी कुठली, ती हुडकायची कशी, हा तुमचा सवाल. मी गोदीत गोण्या वाहणारा माणूस. गोणीवरचा शिक्का बघून आतलं धान्य कळत नाही. पोकळ सळई खुपसून मूठभर दाणे बाहेर काढावे लागतात. पुस्तकालाही तोच कायदा लावा.

पारितोषिक म्हणजे शिक्का. तो दरवेळी खोटा असतो असं नाही. अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ साली आली, १९६१ साली तिला राज्य शासनाचं पारितोषिक मिळालं. दाणा अस्सल होता : उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा मांग नायक.

पण मुल्कराज आनंदांची ‘अनटचेबल’ घ्या. १९३५ साली छापून येण्याआधी १९ प्रकाशकांनी ती परत केली. संडास साफ करणाऱ्या बाखाचा एक दिवस, एवढीच गोष्ट. आज ती जगभर वाचतात. म्हणून शिक्का मारणारा हात कुणाचा, तेही तपासा.

तेव्हा ग्रंथालयात जा. प्रस्तावना सोडा, मधलंच पान उघडा. विचारा : या घरातली भांडी कोण घासतं? चुलीवरचं पीठ कुणाच्या घामाचं? लेखकाला हे दिसतच नसेल तर रेशमी भाषा काय चाटायचीय?

आणि आपल्या माणसाचं पुस्तक म्हणून सूट देऊ नका. बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ चं. त्या कथांना सूट लागली नाही. आपणही मागायची नाही.