पट्ट्याचा रंग कोण ठरवितो?



दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील वसाहतींत संध्याकाळी पांढऱ्या गणवेशातील मुले तायक्वांदोचा सराव करताना दिसतात. कमरेचा पट्टा पांढऱ्याचा पिवळा, पुढे हिरवा, निळा, तांबडा होत जातो आणि प्रत्येक वेळी घरी पेढे वाटले जातात. त्या आनंदाला कोणी नावे ठेवू नयेत. मात्र तो रंग कोणी ठरविला, हे अवश्य विचारावे.

सोल येथे १९७२ साली उभे राहिलेले कुक्कीवॉन काळ्या पट्ट्याची ‘दान’ श्रेणी प्रमाणित करते. (मराठीतील दानाशी या शब्दाचा संबंध नाही, नसावाही.) १५ वर्षांखालील मुलास ‘दान’ नव्हे, ‘पूम’ मिळते; त्याचा पट्टा अर्धा तांबडा, अर्धा काळा. पहिल्या दानानंतर दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष थांबावे लागते.

रंगीत पट्ट्यांची परीक्षा मात्र बहुधा शिकविणारे गुरुजीच घेतात आणि शुल्कही तेच घेतात. नापास केल्यास मूल वर्ग सोडून जाईल, ही धास्ती त्यांना असते. दर्जा घसरतो तो येथे. ‘तेगुक’ नावाच्या आठ क्रमबद्ध रचनांपैकी आपल्या पट्ट्याची रचना मुलाला न अडखळता करता येते का, लाथ मारून पाय खाली येताना तोल सावरतो का, एवढे पालकांनाही पाहता येते. “या खेपेस कोणाला थांबविले?” असेही गुरुजींना आदराने विचारावे. ‘कोणालाच नाही’ हेच उत्तर दरवेळी आले, तर पुढील परीक्षेचे शुल्क भरण्यापूर्वी एक संध्याकाळ सरावाच्या जागी बसून काढावी.