उरलेले पाहण्याची सवय
(आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



'रोजच्या जीवनात आशावादी दृष्टी' हा विषय मला दिला, तेव्हा मी थोडा संकोचलो. या विषयावर बोलणाऱ्याचे पोट बहुधा भरलेले असते. तो ऐकणाऱ्यांना हसतमुख राहण्याचा उपदेश करतो आणि घरी जातो. तसा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. माझ्या हातून घडलेली एक चूक तेवढी सांगतो.

मी गणित शिकवतो. काही वर्षांपूर्वी नववीच्या सहामाहीचे पेपर वाटत होतो. एका मुलाला शंभरपैकी ११ गुण होते. मी भर वर्गात म्हणालो, "गणित तुझ्या कपाळी नाही. त्यापेक्षा मागावर जा." मुलगा वडगावच्या एका विणकराचा, पहाटे कांड्या भरून मग शाळेत येणारा. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. आठवडाभर आला नाही. मी घरी गेलो, तर तो खरोखरच मागापाशी उभा होता. वडिलांनी मला बसायला दिले, पाणी दिले आणि अतिशय आदराने म्हणाले, "गुरुजी, आपण सांगितलंत, तसं केलं."

त्या रात्री मी त्याचा पेपर पुन्हा काढला. सहा उदाहरणांची मांडणी बरोबर होती. कंसापूर्वी उणे चिन्ह आले की मात्र तो आतली चिन्हे बदलायला विसरे आणि तेथून पुढचे सारे चुके. मी लाल शाईने चुका मोजल्या होत्या. बरोबर पायऱ्यांकडे माझा डोळाच गेला नव्हता. मुलगा तोच, कागदही तोच. पाहण्याची रीत मात्र मी निवडली होती, आणि तिची किंमत तो देत होता.

आमच्या घरी लहानपणापासून 'सब्र' हा शब्द कानी पडे. सब्र म्हणजे मुकाट्याने सोसणे, असे मला वाटे. पण अम्मीचे सब्र निराळे होते. पावसाळ्यात घर गळू लागले की ती धारेखाली पातेले ठेवी, कोरड्या कोपऱ्यात आमची अंथरुणे सरकवी, आणि उघाड पडताच कौले शाकारायला माणूस बोलावी. घर गळत नाही, असे ती कधी म्हणाली नाही. आणि घर बुडाले, असेही म्हणाली नाही. आशावादी दृष्टी म्हणतात ती याहून वेगळी नसावी. नुकसान पुरते पाहायचे आणि मग उरले काय, ते त्याच डोळ्यांनी पाहायचे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांची हकीकत आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. कोकणातील मुरूडहून सह्याद्री ओलांडून, शंभर मैलांहून अधिक चालत ते परीक्षेसाठी साताऱ्याला पोहोचले. तेथे, वय लहान दिसते म्हणून त्यांना बसूच दिले नाही. तेवढीच वाट तुडवत परतणे आले. पण परीक्षा हुकली म्हणून शिक्षण संपले, असा अर्थ त्यांनी लावला नाही. पुढे ती परीक्षा ते उत्तीर्ण झाले, १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले, १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापले आणि १९५८ मध्ये भारतरत्न झाले. साताऱ्याचा तो नकार खोटा नव्हता. तो शेवटचा मात्र नव्हता.

माझा विद्यार्थी भारतरत्न झाला नाही. त्याची आणि त्याच्या वडिलांची मी माफी मागितली. तिसऱ्या खेपेला वडिलांनी त्याला पाठवले. वार्षिक परीक्षेत त्याला गणितात ३८ गुण मिळाले. पुढच्या वर्षी तो दहावी झाला. आज तो मागच चालवतो, पण सुताचा आणि मजुरीचा हिशेब स्वतः मांडतो, कोणाच्या वहीवर विसंबत नाही. मला तेवढे पुरे आहे. मी मात्र तेव्हापासून पेपर तपासताना आधी बरोबर पायरीवर खूण करतो आणि मग चूक दाखवतो. गुण त्याने वाढत नाहीत. मुलाला पुढचे पाऊल कोठून टाकायचे, ते कळते.

आईबापांनो, संध्याकाळी मुलाची वही हाती घ्याल, तेव्हा एवढेच करून पाहा.

आणखी एक. ज्याच्या घरी फी भरायला पैसे नाहीत, त्याला "आशा धर" म्हणणे ही थट्टा आहे. आपल्या संस्थेने पन्नास वर्षे तशी थट्टा केली नाही. तिने फीच्या पावत्या, पुस्तके आणि गणवेश दिले. म्हणजे आशा धरायला काहीतरी हाती दिले. उरलेले पाहण्याची ही सवय तिच्या पुढच्या पन्नास वर्षांतही टिको, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.